विंचवाचे बिऱ्हाड, वजनाच्या काट्यावर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते काहीसे कीव करण्याच्या सुरात. ज्याला घर नाही, एका जागी ठाव नाही, त्याच्याबद्दलचे हे बोल. पण ऑस्ट्रेलियात बऱ्या नोकरीतली, अंगणात हिरवळ राखणारी, चांगली सुखवस्तू माणसेही वर्षातून दोन-चार आठवडे आपणहून विंचू होतात. घराला कुलूप लावतात, मोटारीमागे दोन चाकांचा गाडा जोडतात, त्यात अंथरूण-पांघरूण, चूल, पाणी आणि शिधा भरतात आणि डांबरी रस्ता जिथे संपतो त्या दिशेला निघतात. या गाड्याला तिथे ‘कॅम्पर ट्रेलर’ म्हणतात. आडवाटेसाठी बांधलेला असेल तर त्याच्या नावामागे ‘ऑफ-रोड’ हे बिरूद लागते आणि किंमतही त्या प्रमाणात चढते.

आपल्या वाचकांना या परदेशी चैनीचे काय, असा प्रश्न कुणी विचारील. पण आज पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर सांगली-साताऱ्याच्या अनेक घरांतले एखादे पाखरू मेलबर्न, सिडनी नाहीतर पर्थला घरटे करून आहे. जून-जुलैच्या शाळेच्या सुटीत तिथे हिवाळा असतो, उत्तरेकडे कोरडा ऋतू असतो, आणि नेमके त्याच दिवसांत इकडचे आजी-आजोबा नातवंडांकडे गेलेले असतात. ‘आई-बाबा, या वेळी आपण सगळे मिळून आत जाऊ या,’ असे मुलगा किंवा सून म्हणते तेव्हा त्या ‘आत’ म्हणजे काय, याची इकडे कुणालाच कल्पना नसते. कधीकधी त्या मुलालाही नसते. त्याने नुकताच ‘स्वस्तात’ एक ट्रेलर घेतलेला असतो, एवढेच.

हे ‘आत’ म्हणजे काय? भारताच्या दुपटीहून मोठा देश, वस्ती अवघी पावणेतीन कोटींच्या आसपास आणि तीही बहुतेक समुद्राकाठी. मध्ये जे उरते त्यात दोनशे-तीनशे किलोमीटर पेट्रोलचा पंप नाही, फोनला आवाज नाही, आणि समोरून येणारे वाहन म्हणजे कधीकधी तीन-तीन ट्रेलर ओढणारी, 53 मीटर लांबीची ‘रोड ट्रेन’. तिने उडवलेल्या लाल धुळीत पुढचे काही क्षण स्वतःच्या गाडीचे बॉनेटही दिसत नाही. अशा ठिकाणी गाड्याचे चाक निखळले तर ते नुसते गैरसोयीचे राहत नाही. त्यामुळे ट्रेलर कोणता घ्यावा हा प्रश्न दुकानातल्या खरेदीचा दिसला, तरी मुळात तो जीव सांभाळण्याचा आहे.

वीस टन सामानाची गोष्ट

या देशाला हा धडा फार पूर्वी मिळाला आहे. 20 ऑगस्ट 1860 रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम निघाली. दक्षिणेकडून उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत सारा देश ओलांडायचा होता. पैशांची टंचाई नव्हती. उंट तर थेट आपल्या उपखंडातून, कराचीच्या बंदरातून आणवले होते आणि त्यांना सांभाळणारे दोस्त महंमदसारखे उंटवालेही बरोबर होते. सामान होते सुमारे 20 टन! त्यात जेवणाचे लाकडी टेबल होते, खुर्च्या होत्या, आकाशबाण होते, चिनी घंटाही होती. एक गाडा तर रॉयल पार्कचे आवार सोडण्यापूर्वीच मोडला. टपालगाडी जे अंतर आठवड्याभरात कापत असे, तेवढ्याला, म्हणजे मेनिंडीपर्यंत, या लवाजम्याला जवळजवळ दोन महिने लागले. पुढे सामान टाकत टाकत, माणसे मागे ठेवत बर्क-विल्स उत्तर किनाऱ्याजवळ पोचले खरे. पण परतीच्या वाटेवर 1861 मध्ये कूपर्स क्रीकच्या काठी दोघांचाही अंत झाला. त्यांच्याबरोबरचा जॉन किंग तेवढा वाचला, आणि तो वाचला ज्यांच्याजवळ गाडा नव्हता की टेबल नव्हते, त्या यंद्रुवंधा या मूळनिवासी लोकांनी सांभाळल्यामुळे.

बर्क-विल्स यांच्या मृत्यूची कारणे अनेक सांगतात. नेतृत्वाचे दोष त्यात मोठे आहेत. पण ओझ्याने मोहिमेचा वेग मारला, हे कुणी नाकारीत नाही. आज दीडशेहून अधिक वर्षांनी ट्रेलरच्या दुकानात उभा असलेला गृहस्थ नेमकी तीच चूक करायला निघालेला असतो. त्याला बाहेर ओढता येणारे स्वयंपाकघर हवे असते, गरम पाण्याचा शॉवर हवा असतो, मोठा फ्रीज हवा असतो, आणि हे सगळे ‘स्वस्तात’ हवे असते. विकणाराही हसतमुखाने म्हणतो, ‘आहे ना!’

वाट आधी, गाडा नंतर

म्हणून पहिला प्रश्न गाड्याचा नव्हे, वाटेचा. ‘ऑफ-रोड’ या एका शब्दात तिथे निदान तीन वेगवेगळ्या वाटा कोंबलेल्या असतात. पहिली, गावाबाहेरच्या राष्ट्रीय उद्यानातली कच्ची सडक. तिथे कोणताही धडधाकट ट्रेलर चालतो. दुसरी, लांब पल्ल्याची खडीची वाट. किंबर्ली भागातली सुमारे 660 किलोमीटरची गिब रिव्हर रोड, मारी ते बर्ड्सव्हिल ही 500 किलोमीटरहून लांब वाट, किंवा जुन्या ‘घान’ रेल्वेच्या मार्गाने जाणारी ऊडनाडाटा ट्रॅक. (हे ‘घान’ म्हणजे ‘अफगाण’चे संक्षिप्त रूप. कराचीहून उतरणाऱ्या सगळ्याच उंटवाल्यांना तिथे अफगाण म्हणत.) आडवाटेचा ट्रेलर खऱ्या अर्थाने कामाला येतो तो या दुसऱ्या प्रकारच्या वाटांवर.

आणि तिसरी वाट ती, जिथे ट्रेलर नेऊच नये. सिम्प्सन वाळवंटात एकापाठोपाठ एक अकराशेच्या आसपास वाळूच्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. उन्हाळ्यात, 1 डिसेंबर ते 15 मार्च, ते वाळवंट प्रवाशांना बंदच असते. सुमारे 1,850 किलोमीटरच्या कॅनिंग स्टॉक रूटचीही तीच तऱ्हा. या दोन्ही ठिकाणी जाणकारांचा सल्ला एकच असतो : ट्रेलर घरी ठेवा. आता जाहिरातीतल्या चित्रात ट्रेलर नेमका वाळूच्या टेकडीवर उभा केलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

आपले नव्वद टक्के प्रवास पहिल्या वाटेवरचे असतील, तर दुसऱ्या वाटेचे पैसे मोजायचे कशाला? आणि दुसऱ्या वाटेने आयुष्यात एकदाच जायचे असेल, तर तेवढ्यापुरता भाड्याने का घेऊ नये? हे दोन प्रश्न घरातल्या घरात, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी विचारले तर अर्धी बचत तिथेच होते.

उलाळ आणि धुरजड

दुसरा प्रश्न वजनाचा. इथे थोडी आकडेमोड केल्यावाचून गत्यंतर नाही. ऑस्ट्रेलियात प्रत्येक ट्रेलरवर एक पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर रिकाम्या गाड्याचे वजन असते आणि भरल्यावर जास्तीत जास्त किती असावे, तेही असते. दोहोंतला फरक एवढेच आपले सामान. समजा रिकामा गाडा 1,300 किलो आणि कमाल वजन 1,700. म्हणजे हातात राहिले 400 किलो. पुष्कळ वाटतात. आता भरा. पाणी 120 लिटर म्हणजे 120 किलो. गॅसची दोन भरलेली सिलिंडरे 35. मागाहून बसवलेली बॅटरी आणि सौर तावदाने 40. फ्रीज आणि शिधा 60. जादा चाक, जॅक, हत्यारे 50. डिझेलचे दोन कॅन 40. खुर्च्या, टेबल, पुढचा मांडव 60. चौघांचे कपडे आणि अंथरुणे 60. बेरीज झाली 465 किलो. कुकर अजून ठेवलेलाच नाही, आणि गाडा कायद्याच्या बाहेर गेलेला आहे.

हे झाले गाड्याचे. ओढणाऱ्या मोटारीचा हिशेब निराळा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीवर, म्हणजे मोटारीच्या पाठीवर यावा, असे धरतात. 1,700 किलोच्या गाड्याचे हे 170 किलो झाले. चार माणसांचे 280 धरले तर 450. मध्यम आकाराच्या एसयूव्हीची स्वतःची भार वाहण्याची ताकद पुष्कळदा 500 किलोच्या आसपासच असते. राहिले 50! ‘माझी गाडी दोन टन ओढते’ असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या हे गावीही नसते.

आपल्या बैलगाडीवाल्यांना हे शास्त्र शिकवावे लागत नसे. ओझे मागे जास्त झाले की गाडी ‘उलाळ’ होते, म्हणजे पुढून वर उचलली जाते. पुढे जास्त झाले की ‘धुरजड’ होते, म्हणजे सारा भार बैलांच्या मानेवर येतो. दोन्ही वाईट. ट्रेलरचेही अगदी तसेच. उलाळ ट्रेलर वेगात मागच्या मागे डोलू लागतो आणि हे डोलणे एकदा हाताबाहेर गेले की मोटारीलाही फरपटत नेते. धुरजड ट्रेलर मोटारीचे ढुंगण खाली बसवतो, पुढच्या चाकांची पकड सैल करतो. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारे अशा जड वस्तू खाली आणि आसाच्या जवळ हव्यात. पाण्याची एक मोठी टाकी असण्यापेक्षा दोन लहान बऱ्या. दगड लागून एक फुटली तरी दुसरी उरते.

ब्रेकचा नियमही वजनावरच आहे. 750 किलोपर्यंतच्या लहान गाड्याला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, त्यापुढे लागतात, आणि दोन टनांपुढे सर्व चाकांना ब्रेक, शिवाय जोडणी तुटलीच तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, हे सारे सक्तीचे. म्हणजे गाडा जसजसा जड, तसतसा खर्च चढत जातो : मोठे ब्रेक, मोठी चाके, आणि शेवटी ते ओढायला मोठी मोटार. स्वस्त ट्रेलरापायी महाग मोटार घ्यावी लागलेली कुटुंबे तिथे कमी नाहीत.

रंग नव्हे, आस पाहा

जाणता शेतकरी गाडी विकत घेताना बैलांच्या शिंगांचा रंग पाहत नाही, आस आणि चाके पाहतो. ट्रेलर घेतानाही खाली वाकावे, नव्हे, सरळ सतरंजी टाकून खाली शिरावे. आतल्या गाद्या, दिवे, कपाटे नंतर बदलता येतात. सांगाडा बदलता येत नाही.

याचे कारण त्या रस्त्यांच्या स्वभावात आहे. खडीच्या वाटेवर हजारो चाके फिरून आडव्या वळ्या उठतात. सगळा रस्ता जणू पन्हळी पत्र्याचे छप्पर. त्यावरून तासन् तास जाताना होणारा थरकाप खड्ड्यापेक्षा वाईट. खड्डा एकदाच आदळतो. पन्हळी रस्ता एकेक स्क्रू सैल करतो, वेल्डिंगला बारीक तडा पाडतो, शॉक ॲब्सॉर्बर तापवून निकामी करतो. म्हणून सांगाड्याचे सांधे पाहावेत. वेल्डिंग सलग, एकसारखे आहे की ठिगळे लावल्यासारखे? वायर आणि ब्रेकच्या नळ्या दगड लागणार नाहीत अशा ओवल्या आहेत की लोंबताहेत? जस्ताचा मुलामा आहे की नुसता काळा रंग फासला आहे?

दोन्ही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा असणे हे आज प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. त्या चांगल्या असतील तर उत्तमच. पण हलक्या प्रतीच्या स्वतंत्र स्प्रिंगांपेक्षा चांगल्या प्रतीचे साधे पाटे केव्हाही बरे. पाटा तुटला तर आडगावचा मेकॅनिकही काहीतरी जोडून देतो. चाकाच्या बेअरिंगांचेही तेच. तिथल्या ट्रेलरांत ‘होल्डन’ आणि ‘फोर्ड’ या मोटारींच्या नावाने ओळखली जाणारी बेअरिंगे सर्रास असतात. फोर्डने तिथे मोटारी बनवणे 2016 मध्ये थांबवले, होल्डनने 2017 मध्ये. पण त्यांच्या मापाची बेअरिंगे अजून कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. भलत्याच मापाचे बेअरिंग असलेला ट्रेलर पाचशे डॉलर स्वस्त मिळाला, तरी ते बेअरिंग टपालाने येईपर्यंत आठवडाभर एखाद्या पंपाच्या आवारात मुक्काम करावा लागला की ती स्वस्ताई कळते.

याच न्यायाने ट्रेलरची चाके मोटारीच्याच मापाची, त्याच बोल्टांची असावीत, म्हणजे जादा चाके दोघांनाही उपयोगी पडतात. जोडणी नेहमीच्या गोळ्याची न घेता सर्व बाजूंना फिरणारी घ्यावी, कारण ओढ्यात मोटार एका कलाने आणि गाडा दुसऱ्या कलाने उभा राहतो. आणि एक उपाय तर फुकटचा आहे : खडी लागली की मोटार आणि ट्रेलर, दोन्हीच्या टायरांतली हवा कमी करावी आणि वेगही कमी करावा. मोडतोडीपैकी कितीतरी त्यानेच टळते.

कापड की पत्रा?

आता घराच्या आतली गोष्ट. सर्वांत स्वस्त ते कापडी तंबूचे ट्रेलर, ज्यांचा तंबू उघडून जमिनीवर पसरतो. जुना चांगला काही हजार डॉलरमध्ये मिळून जातो. वजनाला हलका, दुरुस्तीला सोपा, जागा ऐसपैस. मात्र उभारायला वेळ लागतो आणि वाऱ्यात तर घामच फुटतो. त्यावरचा प्रकार म्हणजे पुढे किंवा मागे उलगडणारे, टणक तळाचे ट्रेलर. बाहेरून आणलेले नवे साधारण पंधरा ते पंचवीस हजार डॉलरचे. त्याहून वर पत्र्याच्या भिंतींचे, निम्मे कॅरव्हान असलेले. त्यांची सुरुवातच पुष्कळदा चाळीस हजारांच्या घरात. रुपयांतला गुणाकार वाचकांनी आपापला करावा.

निवड करताना एक साधी परीक्षा घ्यावी. सगळे घर दुकानात न्यावे आणि विक्रेत्याला हात लावू न देता ट्रेलर स्वतः उघडून, पुन्हा बंद करून पाहावा. ‘पाच मिनिटांत’ हा दावा तिथेच तपासला जातो. मग सर्वांनी आत आडवे व्हावे. आजीला शिडी चढता येते का? रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या आजोबांना अंधारात ती उतरता येते का? पाऊस आला तर चूल कुठे पेटणार? मुलांची अंथरुणे घातल्यावर दाराकडे जायला वाट उरते का? चार माणसांचा म्हणून विकला जाणारा ट्रेलर पुष्कळदा एका जोडप्याचा आणि दोन आशावादी मुलांचा असतो.

कापडाला मात्र नाके मुरडू नयेत. चांगले जाड सुती कॅनव्हास प्रवासाआधी दोन-तीनदा भिजवून पूर्ण वाळवले की धागे फुगतात आणि शिवणीची भोके बुजतात. ओले गुंडाळून ठेवले की बुरशी आलीच. हे कोकणातल्या माणसाला सांगायला नकोच. नवा पत्र्याचा ट्रेलरही धुळीपासून मुक्त नसतो. दारांचे रबर नीट बसते का, हे टॉर्च आत ठेवून बाहेरून अंधारात पाहावे. जिथून उजेड बाहेर येतो, तिथून धूळ आत जाते.

कागदावरची बारीक अक्षरे

‘ऑफ-रोड’ या शब्दाला कायद्यात एकच एक ठाम व्याख्या नाही. जो तो विक्रेता आपल्यापुरता अर्थ लावतो, आणि तो हमीपत्राच्या बारीक अक्षरांत दडलेला असतो : अमुक वाटेवर नेल्यास हमी रद्द. कॅरव्हानच्या विक्रीतल्या तक्रारी एवढ्या वाढल्या की ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने 2022 मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. तेव्हा कोणत्या वाटांवर नेण्यास ट्रेलर योग्य आहे, ते विक्रेत्याकडून नावानिशी लिहून घ्यावे. ‘गिब रिव्हर रोड’ हे तीन शब्द लिहायला जो कचरतो, त्याच्याकडून घेऊ नये.

जुना घेतल्यास आणखी सावध राहावे. 2020-21 च्या साथीच्या काळात परदेशी जाणे बंद झाल्याने तिथे ट्रेलरांवर उड्या पडल्या. त्यांतले कितीतरी एक-दोन सहलींनंतर विकायला निघाले. त्यात चांगला माल स्वस्तात मिळू शकतो. मात्र त्यावर कुणाचे कर्ज थकलेले नाही ना, हे सरकारी नोंदवहीत पाहून घ्यावे. त्याला अवघे दोन डॉलर पडतात. आणि विकत घेण्याआधी, शक्य तर, सार्वजनिक वजनकाट्यावर गाडा चढवावा. पट्टीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा नेहमीच सख्खे भाऊ असतात असे नाही.

परवडणे म्हणजे काय

मग स्वस्त म्हणजे काय? आपल्याकडे ‘सस्ता रोए बार बार’ म्हणतात, तेही अर्धेच खरे. महागही रडवते, जर ते जड असेल आणि दुरुस्त होण्यासारखे नसेल. आडवाटेवर परवडणारा तो गाडा, जो आपल्या मोटारीला झेपतो, पाचशे किलोमीटरच्या आत कुणीतरी नीट करू शकतो आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला त्यात झोप लागते. हे तीन निकष लावले की बहुधा साध्या, हलक्या, थोड्या जुन्या ट्रेलरकडेच बोट वळते. हाताशी वीस हजार असतील तर बारा हजारांचा ट्रेलर घ्यावा. उरलेल्यात नवे टायर, जादा बेअरिंगे, हवा भरायचा पंप आणि उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारे छोटे यंत्र यायला हवे. दर माणशी दर दिवशी निदान पाच लिटर पाणी, तेही दोन-तीन दिवसांचे जास्तीचे, ही चैन नव्हे. आणि गाडी बंद पडली तर ती सोडून पायी निघायचे नाही, हा नियम लहान पोरांनाही पाठ असावा. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

1928 पासून तिथे ‘फ्लाइंग डॉक्टर’ ही विमानातून वैद्यकीय मदत पोचवणारी सेवा आहे, आणि ती अनेकांना वाचवते. पण तिच्या भरवशावर निघणे आणि ती असूनही तयारीने निघणे यात फरक आहे. मेलबर्नहून मुलाचा फोन येईल, ट्रेलर घेतला म्हणून सांगेल, तेव्हा त्याला किंमत विचारण्याआधी वजन विचारावे. त्याला ते तोंडपाठ असेल, तर आजी-आजोबांनी खुशाल स्वेटर भरायला घ्यावेत.